सामाईक भिंत : इंग्लंडच्या बांधकाम-कायद्यातील मालकी आणि शेजारधर्म

एका भिंतीला दोन मालक असू शकतात का, आणि असले तर त्यांपैकी एकाला ती पाडता, उंचावता किंवा तिच्यात तुळई रोवता येते का, हे प्रश्न इंग्लंडमध्ये सुमारे आठशे वर्षे कायद्यापुढे आहेत. वरवर ते गवंडीकामाचे वाटतात. त्यांच्या मुळाशी मात्र तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आहे. मालकी म्हणजे माणसाची वस्तूवरची सत्ता, की माणसामाणसांमधला एक संबंध? विल्यम ब्लॅकस्टनने १७६५ ते १७६९ या काळात प्रसिद्ध केलेल्या इंग्लिश कायद्यावरील भाष्यात पहिल्या मताला ठसठशीत रूप दिले : मालकाची सत्ता एकट्याची, निरंकुश आणि इतर सर्वांना वगळणारी. डेव्हिड ह्यूमने त्याआधीच, १७३९-४० मध्ये, दुसरी बाजू मांडली होती. त्याच्या मते मालकी हा वस्तूच्या अंगचा गुण नव्हे. दुसऱ्याच्या ताब्यातल्या गोष्टीला हात न लावण्याचा संकेत समाजात हळूहळू रुजतो आणि त्यातून मालकी उपजते.

या वादाला धर्माचीही एक बाजू आहे. शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवू नये, अशी आज्ञा बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात आहे आणि ती मोडणाऱ्याला शापही सांगितला आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील शापवाचनाच्या विधीत हाच शाप उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी म्हणायचा असे. त्याच धर्मग्रंथात शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे, अशीही आज्ञा आहे. पहिली आज्ञा शेजाऱ्यापासून अंतर राखायला सांगते, दुसरी त्याच्या जवळ जायला. शेताच्या बांधावर दोन्ही एकदम पाळता येतात. सामाईक भिंतीशी मात्र पंचाईत होते, कारण तिथे अंतरच नसते : एकाने आपल्या बाजूला काही केले की त्याचा परिणाम दुसऱ्याच्या घरात होतो. इंग्लिश कायद्याने या पेचातून काढलेली वाट टप्प्याटप्प्याने घडली.

मध्ययुगीन लंडनचा नियम

लंडन शहराचा सर्वांत जुना बांधकाम-नियम परंपरेने ११८९ सालचा मानला जातो आणि शहराचा पहिला महापौर हेन्री फिट्झ-एल्विन याच्या नावाशी जोडला जातो. त्याची संहिता तेराव्या शतकातल्या लंडनच्या एका ग्रंथात टिकून राहिली. राजा स्टीफनच्या कारकिर्दीच्या आरंभी लागलेल्या मोठ्या आगीचा हवाला तिच्यात आहे. तोपर्यंतची घरे लाकडाची आणि गवताने शाकारलेली होती. आगीनंतर काही नागरिकांनी दगडी घरे बांधली, आणि पुढच्या आगी अशा घरांशी येऊन थांबल्या. दगडी भिंत बांधणारा स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही वाचवतो, हे या नियमामागचे निरीक्षण होते.

नियम मोजमापांत बोलतो. दोन शेजाऱ्यांनी प्रत्येकी दीड फूट जमीन द्यायची आणि तिच्यावर निम्म्या निम्म्या खर्चाने ३ फूट जाड, १६ फूट उंच दगडी भिंत उभारायची. दोघांनाही आपापल्या बाजूने भिंतीत एक फूट खोल कोनाडे काढता येत, म्हणजे मधला एक फूट दगड कायम शाबूत राही. एका शेजाऱ्याची ऐपत नसेल किंवा त्याची इच्छा नसेल, तर त्याने तिन्ही फूट जमीन द्यायची आणि दुसऱ्याने सगळा खर्च करून भिंत बांधायची. जमीन देणाऱ्याला भिंतीचा अर्धा भाग मिळे आणि तिच्यावर आपले वासे टेकता येत. एकाचा पैसा आणि दुसऱ्याची जमीन यांची ही फेड होती. तिच्यात गरिबाला सवलत होती, नकाराला मात्र वाव नव्हता.

शौचकूपांनाही नियम होते. खड्डा दगडाने बांधून काढलेला असेल, तर तो शेजाऱ्याच्या जमिनीपासून अडीच फुटांवर हवा; तसा नसेल, तर साडेतीन फुटांवर. खिडकीला मात्र नियमाने आसरा दिला नाही. लेखी करार नसेल, तर शेजारी आपल्या जमिनीवर घर बांधून समोरची जुनी खिडकी खुशाल झाकू शकत असे.

तंट्याचा निकाल कागदावर लागत नसे. महापौर आणि आल्डरमन वादाच्या जागी जात, सोबत शपथबद्ध गवंडी आणि सुतार असत आणि भिंत पाहूनच निर्णय होई. या न्यायासनाच्या १३०१ ते १४३१ या काळातल्या नोंदी टिकून आहेत. तुंबलेली पन्हाळ, कललेली भिंत, तळघरात झिरपणारी घाण, शेजाऱ्याच्या अंगणात उघडणारी खिडकी असे त्यांतले विषय आहेत. मालकी म्हणजे काय, याची व्याख्या त्यांत सापडत नाही. कोणाचे पाणी कुठे जावे आणि डागडुजी किती दिवसांत व्हावी, एवढेच त्या ठरवतात. मालकीची उपपत्ती पुढे शतकांनी आली. मालकांमधले व्यवहार तिच्या आधी ठरून गेले होते.

१६६६ ची आग आणि पुनर्बांधणी

२ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधल्या एका भटारखान्यात लागलेली आग चार दिवस धुमसली. सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्चे जळाली. भिंती गेल्या तशा हद्दीच्या खुणाही गेल्या. पार्लमेंटने तातडीने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे आगीतून उद्भवलेल्या तंट्यांसाठी खास न्यायालय. प्रचलित कायद्यानुसार जळालेल्या घराचे भाडे आणि पुनर्बांधणीचा भार पुष्कळदा भाडेकरूवरच पडे. या न्यायालयाला करार बदलण्याचा, मुदत वाढवण्याचा आणि भाडे कमी करण्याचा अधिकार होता. न्यायाधीश मोबदला न घेता बसत.

दुसरी गोष्ट म्हणजे १६६७ चा पुनर्बांधणीचा कायदा. त्याने घरांचे चार वर्ग पाडले, बाहेरून वीट किंवा दगड सक्तीचा केला आणि प्रत्येक वर्गाच्या भिंतीची जाडी विटांत ठरवून दिली. सामाईक भिंत दोघांच्या जमिनीवर सारखी बसवायची होती. आधी बांधणाऱ्याने शेजाऱ्याच्या बांधकामाची सांधजोड व्हावी म्हणून टोकाला विटांचे दाते सोडायचे. नंतर बांधणाऱ्याने भिंतीचा निम्मा खर्च सहा टक्के व्याजासह चुकता केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. प्रयोगशास्त्रज्ञ रॉबर्ट हूक, पीटर मिल्स आणि जॉन ऑलिव्हर यांनी शहराचे सर्व्हेअर म्हणून राखेतून पायांच्या रेषा आखून दिल्या. त्यांनी ठोकलेल्या खुंट्या मुद्दाम उपटणाऱ्याला तीन महिने कैद किंवा दहा पौंड दंड होता. गुन्हेगार हलक्या दर्जाचा असेल, तर त्याच जागी रक्त निघेपर्यंत फटके. धर्मग्रंथातल्या शापाचे काम आता दंडसंहिता करू लागली होती.

व्याजाच्या कलमाला तात्त्विक महत्त्व आहे. जॉन लॉकच्या १६८९ मधल्या ग्रंथात मालकीचा उगम श्रमात सांगितला आहे : जो आपले श्रम वस्तूत मिसळतो, ती वस्तू त्याची. या तत्त्वाने पाहिले, तर आधी बांधणाऱ्याची सगळी भिंत त्याचीच व्हायला हवी. जमिनीवर जे उभे राहते ते जमीनमालकाचे, हे रोमन कायद्यातून आलेले तत्त्व लावले, तर शेजाऱ्याच्या जमिनीवरची अर्धी भिंत फुकट शेजाऱ्याची. १६६७ च्या कायद्याने दोन्ही तत्त्वे थोडी थोडी मान्य केली : भिंत दोघांची, पण खर्चाची फेड होईपर्यंत शेजाऱ्याचा हक्क थांबलेला.

भिंत शहराचीही

अठराव्या शतकात भिंतीला तिसरा वाटेकरी मिळाला. १७०७ च्या कायद्याने सामाईक भिंत छपराच्या वर १८ इंच न्यायला लावली आणि लाकडी कॉर्निसांना बंदी केली. १७०९ च्या कायद्याने खिडक्यांच्या लाकडी चौकटी भिंतीच्या दर्शनी भागापासून चार इंच आत घ्यायला सांगितले. १७७४ च्या मोठ्या कायद्याने इमारतींचे सात वर्ग ठरवले, प्रत्येकाच्या सामाईक भिंतीची जाडी बांधून दिली आणि देखरेखीसाठी जिल्हावार सर्व्हेअर नेमले. दोन शेजारी पातळ भिंतीवर राजी असले, तरी कायदा राजी नव्हता. ज्वाळा तिसऱ्या घरात जाणार असतील, तर पहिल्या दोघांच्या संमतीला अर्थ उरत नाही, हे यामागचे तर्कशास्त्र.

याच कायद्यांनी जबाबदारीची कल्पनाही बदलली. जुन्या कायद्यात स्वतःच्या घरातून निघालेल्या आगीने शेजाऱ्याचे घर जळाले, तर घरमालक जवळजवळ बिनशर्त जबाबदार असे. १७०७ आणि १७७४ च्या कायद्यांनी अपघाताने लागलेल्या आगीपुरती ही जबाबदारी काढून टाकली. निष्काळजीपणाची आग त्या सवलतीत येत नाही, असा निर्णय १८४७ मध्ये झाला. आधी शेजारधर्म नुकसानीनंतर मोजला जाई. आता तो आधीच विटांच्या जाडीत घालून ठेवायचा होता.

भिंत नेमकी कोणाची?

मालकीच्या प्रश्नाला मात्र न्यायाधीशांना थेट भिडावे लागले. १८१३ च्या मॅट्स विरुद्ध हॉकिन्स या खटल्यात दोघांनी आपापल्या जमिनीवर मिळून बांधलेल्या भिंतीचा अर्धा अर्धा भाग ज्याचा त्याचा ठरला. १८२८ च्या क्युबिट विरुद्ध पोर्टर या खटल्यात दोघांच्या सारख्या वापरावरून भिंत अविभक्त सामाईक मालमत्ता असल्याचे गृहीत धरले गेले. एकाने ती पुन्हा बांधण्यासाठी पाडली, तर तो अतिक्रमणाचा दोषी होत नव्हता. पहिल्या निकालातली भिंत म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन भिंती. दुसऱ्या निकालात प्रत्येक वीट दोघांची.

१८८० मध्ये वॉटसन विरुद्ध ग्रे या खटल्यात न्यायमूर्ती फ्राय यांनी सामाईक भिंतीचे चार अर्थ नोंदवले : संपूर्ण भिंतीचे दोघे सहमालक, उभ्या पट्ट्यांत विभागलेली भिंत, एकट्याची मालकी, पण दुसऱ्याला वापराचा हक्क, आणि उभी विभागलेली, पण प्रत्येक अर्ध्यावर दुसऱ्या अर्ध्याचे हक्क असलेली भिंत. त्यांनी पहिला अर्थ सर्वसामान्य मानला.

या अर्थाला एक व्यावहारिक धोका होता : सहमालकाला वाटणी मागता येते, आणि भिंतीची वाटणी म्हणजे तिचा आधार जाण्याची भीती. १९२५ च्या मालमत्ता-कायद्याने अविभक्त हिश्शांची कायदेशीर मालकीच बंद केली, तेव्हा लाखो सामाईक भिंती कोणत्या स्वरूपात राहणार, हा प्रश्न उभा राहिला. कायद्याने उत्तर दिले की १ जानेवारी १९२६ पासून अशी भिंत मधोमध उभी विभागलेली समजावी आणि दोघांना आधाराचे व वापराचे पूर्वीसारखेच हक्क असावेत. म्हणजे पहिला अर्थ जाऊन चौथा आला. त्या दिवशी एकही वीट हलली नाही आणि कोणाच्या राहणीत फरक पडला नाही, मात्र कागदावर अशा प्रत्येक भिंतीची मालकी बदलली. मालकी म्हणजे परस्परांचे हक्क आणि कर्तव्ये यांची गुंफण आहे, या मताला यापेक्षा सरळ पुरावा मिळणे कठीण. गुंफण तीच ठेवून तिच्या मागची मालकी बदलता आली.

शेजाऱ्याचे देणे कुठवर?

शेजाऱ्याचे आपण काय देणे लागतो, याची मर्यादा कायद्याने सतत आखली. १६१० मधल्या ऑल्ड्रेडच्या खटल्यात डुकरांच्या खुराड्याच्या दुर्गंधीबद्दल दाद मिळाली. पण निव्वळ सुंदर देखाव्यासाठी दावा चालत नाही, कारण देखावा ही गरज नसून सुख आहे, हेही त्या निकालात नमूद झाले.

आधाराच्या हक्काचा मोठा खटला म्हणजे १८८१ चा डाल्टन विरुद्ध अँगस. न्यूकॅसलमधल्या एका घराचा १८४९ मध्ये घोडागाड्यांचा कारखाना झाला. आतल्या भिंती काढून तुळयांचा भार एका विटांच्या खांबावर घेतल्यामुळे शेजारच्या जमिनीवरचा दाब वाढला. सुमारे सत्तावीस वर्षांनी शेजारचे घर पाडून खोल खोदाई झाली. खांब खचला आणि कारखाना कोसळला. हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की वीस वर्षे उघडपणे मिळालेल्या आधाराचा इमारतीला हक्क मिळतो. न्या. फ्राय यांची अडचण मात्र मूलगामी होती. वहिवाटीचा हक्क मूक संमतीतून येतो असे म्हणावे, तर जमिनीखालचा दाब शेजाऱ्याला दिसत नाही, आणि दिसला तरी तो थांबवायला त्याला स्वतःचीच जमीन खोदावी लागेल. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याचे गप्प राहणे संमती कसे ठरेल? जुन्या निर्णयांचा मान ठेवून त्यांनी हक्काच्या बाजूने मत दिले. त्यांच्या शंकेचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

हा निकाल लागला त्याच्या पुढच्याच वर्षी भारतात सुविधाधिकार कायदा झाला. त्याच्या पंधराव्या कलमात उजेड, हवा आणि आधार यांच्या हक्कांसाठी हीच वीस वर्षांची मुदत आहे. तो १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला.

डाल्टनच्या उलट टोकाचा खटला फिप्स विरुद्ध पिअर्स, १९६४ चा. वॉरिक गावच्या मार्केट स्ट्रीटवर जुन्या घराला खेटून साधारण १९३० मध्ये नवे घर बांधले गेले. दोन्ही भिंती लागून होत्या, पण एकमेकींत सांधलेल्या नव्हत्या. मध्ये माणूस शिरणे शक्य नसल्याने नव्या भिंतीला बाहेरून गिलावा नव्हता, दर्जाही भरलेल्या नव्हत्या. १९६२ मध्ये नगरपालिकेच्या हुकमाने जुने घर पाडले गेले. उघडी पडलेली भिंत पावसाने भिजली, हिवाने तडकली. लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायासनाने नुकसानभरपाई नाकारली : शेजारच्या घराने ऊन-पावसापासून आडोसा द्यावा, असा हक्क कायदा ओळखत नाही, ओळखला, तर कोणालाही आपले घर पाडता येणार नाही. २००१ च्या रीस विरुद्ध स्केरेट या निकालाने हे टोक काहीसे बोथट केले. घर पाडणाऱ्याने उघड्या पडणाऱ्या भिंतीचे पावसापासून रक्षण करण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी, असे त्यात ठरले. आडोसा मागता येत नाही, पण बेफिकिरीबद्दल जाब विचारता येतो.

या दोन निकालांच्या आधी, १९३२ मध्ये, एक प्रसिद्ध विवेचन झाले होते. लॉर्ड ॲटकिन यांनी लूकच्या शुभवर्तमानातला ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न कायद्यात आणला. धर्मातली प्रेमाची आज्ञा कायद्यात येताना इजा न करण्याच्या कर्तव्यापुरती आक्रसते, आणि आपल्या कृतीचा ज्यांच्यावर जवळून परिणाम होईल तेवढेच शेजारी उरतात, असे त्यांनी मांडले.

नोटीस, सर्व्हेअर, निवाडा

भिंतीच्या कायद्याने हाच प्रश्न स्वतःच्या पद्धतीने सोडवला. लंडनसाठी केलेल्या १८५५ च्या कायद्याने बांधणारा मालक आणि लगतचा मालक या दोन भूमिका ठरवून दिल्या. मतभेद झाला, तर प्रत्येकाने एक सर्व्हेअर नेमायचा आणि त्या दोघांनी तिसरा निवडायचा. १८९४ आणि १९३९ च्या लंडन कायद्यांतून ही रीत चालत आली. अर्ल ऑफ लिटन यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मांडलेल्या खासगी विधेयकातून १९९६ चा पार्टी वॉल (सामाईक भिंत) कायदा झाला आणि १ जुलै १९९७ पासून तो संपूर्ण इंग्लंड व वेल्सला लागू झाला.

या कायद्यात शेजारीपण मीटरमध्ये मोजले आहे. शेजारच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खोदायचे असेल, तर नोटीस. ६ मीटरच्या आतली खोदाई तिच्या पायाच्या तळापासून ४५ अंशांत उतरणाऱ्या रेषेला छेदत असेल, तरीही नोटीस. सामाईक भिंतीच्या कामाला दोन महिने आधी, हद्दीवरच्या नव्या भिंतीला किंवा खोदाईला एक महिना आधी. सामाईक भिंतीच्या किंवा खोदाईच्या नोटिशीला १४ दिवसांत उत्तर आले नाही, तर मतभेद आहे असे समजले जाते. डाल्टनच्या खटल्यात मौनातून हक्क निघाला होता. इथे मौनाचा अर्थ नकार, आणि न्या. फ्राय यांच्या शंकेला निदान या क्षेत्रात तरी जागा उरत नाही.

सर्व्हेअरची भूमिकाही लक्षात घेण्यासारखी आहे. त्याला मालक नेमतो, बहुधा बांधणारा मालक दोघांच्याही सर्व्हेअरचे पैसे देतो, पण एकदा केलेली लेखी नेमणूक मालकाला मागे घेता येत नाही. तो कोणाचाही वकील नसून अर्धा न्यायाधीश असतो. म्हणूनच जाइल-थॉम्पसनच्या १९७४ मधल्या खटल्यात न्या. ब्राइटमन यांनी कायद्यातली प्रत्येक पायरी काटेकोरपणे पाळण्यावर भर दिला. निवाडा मान्य नसेल, तर १४ दिवसांत काउंटी कोर्टात दाद मागता येते.

जुन्या नियमांशी तुलना केली की बदल स्पष्ट होतो. मध्ययुगीन शेजाऱ्याला भिंतीसाठी जमीन द्यावीच लागे. १९९६ च्या कायद्यात नवी सामाईक भिंत शेजाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय हद्दीवर उभारता येत नाही. संमती नसेल, तर स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने. खर्चाच्या फेडीचे तत्त्व मात्र टिकले आहे. एकाने पैसे घालून केलेल्या कामाचा दुसऱ्याने पुढे वापर केला, तर त्याला आपला हिस्सा द्यावा लागतो, आणि तो वापराच्या वेळच्या दराने मोजतात. सहा टक्के व्याजाची जागा भाववाढीने घेतली.

या साऱ्या विकासात कायद्याने शेजाऱ्यावर प्रेम करायला कधी सांगितले नाही आणि निरंकुश मालकीही कधी पूर्णपणे मान्य केली नाही. त्याने तिसरी गोष्ट सक्तीची केली : हात लावण्याआधी सांगणे, ऐकून घेणे आणि तिऱ्हाइताचा निर्णय मानणे. या मार्गाची मर्यादाही याच जागी आहे. नोटीस न दिल्याबद्दल १९९६ च्या कायद्यात शिक्षा नाही. आणि बांधणाऱ्याने नोटीसच दिली नाही, तर त्या कायद्याची यंत्रणा सुरूच होत नाही, असा निर्णय २०२३ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने दिला. मग शेजाऱ्याला अतिक्रमण, उपद्रव आणि आधाराचा हक्क या जुन्या सामान्य कायद्याच्या वाटांनीच न्याय मागावा लागतो, आणि आपला हक्क शाबीत करण्याचा भारही त्याच्यावरच येतो.